ममी रडली तो सोमवार

जूनच्या उकाड्यातही हेस्टरने लोकरीची शाल घट्ट लपेटली होती, कारण शालीखाली तान्ही डोरा झोपली होती. संग्रहालयात तान्ह्या मुलांना बंदी होती आणि दारावर ती बंदी अमलात आणायला उभा होता हेस्टरचाच नवरा, एनॉक. नव्या नोकरीत, नव्या कोटात. "सोमवारी सणाच्या गर्दीत एक जरी मूल आत गेलं, तर हा कोट उतरवायचा," असं संग्रहालयाचे प्रमुख थ्रेलफॉलसाहेब यांनी त्याला बजावलं होतं. पण शेजारची पीकबाई सांभाळायला घेतलेल्या पोरांना अफूचे थेंब पाजून निजवते, हे हेस्टरने डोळ्यांनी पाहिलं होतं. आणि नवऱ्याला त्या कोटात पाहायची हौसही होतीच.

"बाळंतपण मानवलंय हं तुला," छत्र्या-काठ्या जमा करता करता एनॉक हसला. "डोरा कुठाय?"

"पीकबाईंकडे." तिचे कान तापले.

इजिप्तच्या दालनात सगळा गाव ममीभोवती दाटला होता. नेमकी तिथेच डोरा जागी झाली आणि रडली.

"अगं बाई, ममी रडतेय!" एक मासळीवाली किंचाळली.

"हजारो वर्षं उपाशी आहे, रडेल नाही तर काय!"

हेस्टरनेही सगळ्यांसारखे डोळे विस्फारून ममीकडे पाहिलं. आपण इतक्या खोटारड्या आहोत हे तिला आजवर माहीत नव्हतं. एक म्हातारी भोवळ येऊन पडली, कोणी पाद्रीबुवांना आणायला धावलं. थ्रेलफॉलसाहेब आले, मागोमाग एनॉक. साहेबांनी पेटीला कान लावला.

"उकाड्याने लाकूड फुगलंय. बाकी काही नाही."

सुटलो, असं हेस्टरला वाटलं. तेवढ्यात शालीतून एक गुबगुबीत हात एनॉकच्या पितळी बटणांकडे झेपावला.

"हेस्टर!"

"चूक माझी, साहेब. यांना काही ठाऊक नव्हतं." तिची मान वर होईना.

"गारसाइड, कोट उतरव."

एनॉक बटणं सोडू लागला आणि डोराने भोकाड पसरलं. त्याबरोबर मासळीवालीची शाल रडू लागली. मग खांबाजवळची एक. साहेब गर्रकन वळले, तोच बाकावरच्या मखमली झग्यातून आणखी एक टाहो फुटला. साहेब कानापर्यंत लाल झाले.

"बघताय काय?" झग्यातून बाळ काढत मिसेस थ्रेलफॉल म्हणाल्या. "दाईला आज सुट्टी तुम्हीच दिलीत ना? धरा. हात मोडले माझे."

साहेबांनी बाळ फुलदाणीसारखं लांब धरलं. हेस्टरला तिकडे बघवेना.

"गारसाइड," साहेब अगदी हळू म्हणाले, "कोट राहू दे. याची मान कशी धरतात रे?"