पोट्टी बोर होऊन राह्यली

“म्याडम, पोट्टी घरात लय बोर होऊन राह्यली! पडद्यावर चढते, वरून उडी मारते. दार त मी उघडतच नाई. बाहीर गेली का वापस येनार नाई थे!”

वानखडेकाकांनी जिन्यात थांबून हे मला आनंदानं सांगितलं, तेव्हा अमरावतीतल्या या बिल्डिंगमध्ये राहायला येऊन मला जेमतेम आठ दिवस झाले होते. एक म्हातारा पोरीला कोंडून ठेवतो आणि वर हसत हसत सांगतो! मी पडले शाळामास्तरीण, गप्प बसणं माझ्या रक्तात नाही. “मी पोलिसांत कळवीन,” असं मी त्यांना सरळ सांगून टाकलं.

काका विचारात पडले. “पोलीस येऊन खेळतीन का तिच्यासंगं?”

मी तरातरा तिसऱ्या मजल्यावर त्यांच्या दाराशी गेले. मागोमाग आलेल्या काकांनी दार किलकिलं केलं, मला आत ओढलं आणि झटकन लावून घेतलं. दिवाणावर एक भुऱ्या रंगाची मांजर बसली होती आणि माझ्याकडे बघून जांभई देत होती. मी अकोल्याची. पोट्टी म्हणजे मुलगी एवढं मला कळतं. पण कुणी मांजरीलाही पोट्टी म्हणत असेल, हे काही माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

“नाव लाटे हाय तिचं. कॉफीचं नाव म्हने पुन्यातल्या,” काका म्हणाले. “मी दोन दिवस ‘लाटे, लाटे’ आवाज देल्ला, त समोरची बाई लाटनं घेऊन आली. मंग म्हनलं, आपली पोट्टीच बरी.”

काकांनी चाळीस वर्षं शिलाई मशिनी दुरुस्त केल्या. काकू जाऊन बरीच वर्षं झालेली. मुलगी एकच, श्वेता. ती इंजिनियर झाली, पुण्याला नोकरी लागली, तेव्हा काकांनी हट्ट धरला की पोरीच्या जातीनं घरी बसावं. वर्षभर बसवलीसुद्धा. शेवटी ती भांडून निघून गेली आणि दोन वर्षं अक्षरही बोलली नाही. मग पुण्याच्या घरमालकानं मांजराला मनाई केली आणि एक दिवस श्वेता टोपली घेऊन दारात उभी राहिली. म्हणाली, दुसरं घर मिळेपर्यंत हिला ठेवा.

तेव्हापासून रोज सात वाजता तिचा व्हिडिओ कॉल येतो. कॉल मांजरीला असतो. काका फक्त फोन धरतात.

हे सगळं त्यांनी मला एका मोटरीत तेल सोडता सोडता सांगितलं. घर मिळालं की मांजर जाणार आणि मांजर गेली की फोनही जाणार, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. म्हणून त्यांनी चंग बांधला होता. लाटेला इथं इतकं रमवायचं, की श्वेतानंच म्हणावं, राहू द्या हिला तिथंच.

आणि काय सांगू, त्या घराचा कारखाना झाला! प्लास्टिकच्या नळीला भोकं पाडून काकांनी तिच्यात मांजरीचा खाऊ भरला. पंजानं नळी फिरवली की एकेक दाणा खाली पडायचा. ही पोट्टीची नोकरी. “फुकटचं खाल्ल्यानं मांजर बिघडते म्याडम. कमावून खाल्लं पाहिजे.” चिकनच्या दुकानातून कोंबडीची पिसं आणून, धुऊन, ती मोटरीला बांधून पंख्याच्या रेग्युलेटरनं हळूहळू फिरवली. प्रत्येक खेळण्याची चाचणी आधी काका स्वतः घ्यायचे. मी एकदा दार ढकललं, तर हे सदुसष्ट वर्षांचे गृहस्थ हातापायांवर रांगत पिसावर झडप घालत होते. लाटे कपाटावर बसून बघत होती.

“तिच्या उंचीवरून कसं दिसते ते पाहून राह्यलो,” ते म्हणाले. जराही लाजले नाहीत.

त्यांचा मास्टरपीस म्हणजे उंदीर. त्यासाठी ते मुद्दाम अकोल्याला जाऊन जुन्या बाजारातून मोटर घेऊन आले. “म्याडम, वरतं या! लवकर!” अशी हाक आली आणि मी कणकेचे हात घेऊन धावले. चार भिंतींच्या कडेनं दोरा, दोऱ्याला बॉबिन, बॉबिनला चिंधीचं शेपूट. काकांनी शिलाई मशीनचं पायडल दाबलं आणि उंदीर सुसाट सुटला! लाटे त्याच्यामागे, दिवाणाखालून, खुर्चीवरून, माझ्या पायांमधून! काका टाळ्या पिटत होते, “पाह्य, पाह्य, पाह्य!” आणि मीही ओरडत होते. खाली माझी पोळी जळली, पण मजा आली.

मग श्वेताला घर मिळालं.

ती रविवारी आली. काका सकाळपासून खेळण्यांना तेल घालत होते, आणि मला त्यांनी साक्षीदार म्हणून बोलावून ठेवलं होतं. पण लाटेनं एकाही खेळण्याकडे ढुंकून पाहिलं नाही. मोर्शीहून आलेल्या संत्र्यांच्या रिकाम्या खोक्यात शिरली आणि झोपली.

“उठ ना वं माय,” काका खोक्यापाशी बसून गयावया करू लागले. “इज्जत काहाडून राह्यली माही!”

श्वेतानं सहज पायडल दाबलं. उंदीर पळाला. तिनं पुन्हा दाबलं. मग ती खाली बसली आणि अर्धा तास पायडल दाबत, उंदीर पळवत, एकटीच हसत राहिली. काका भिंतीला टेकून तिच्याकडे बघत होते. शेवटी तिनं घड्याळ पाहिलं, “पाचची गाडी आहे,” म्हणाली आणि झोपलेल्या लाटेला उचलून टोपलीत ठेवलं.

“नवीन घर छान आहे, बाबा. खिडक्यांना जाळ्या आहेत. काळजी करू नका.”

काकांनी वाद घातला नाही. त्यांनी एक थैली आणली आणि एकेक खेळणं सोडवून भरायला घेतलं. “नळी रोज धू. मोटरीले महिन्यातून एक डाव तेल दे.” मग मान वर न करताच म्हणाले, “जीव घरात ठेवाचा अशीन त त्याच्या मनाचं पाहा लागते. तुले वर्षभर बसवून ठेवलं मी. तुह्या मनाचं काईच पाह्यलं नाई. चुकलं माहं.”

टोपलीचं झाकण लावणारा श्वेताचा हात थांबला. मला रडू फुटलं. ते दिसू नये म्हणून मी उगाच संत्र्याचं खोकं आवरायला घेतलं.

दुपारभर पुण्याचं शुद्ध बोलणारी ती पोर एकदम म्हणाली, “आन हे सगळं बिघडलं त दुरुस्त कोन करन, बाबा? मले त सुईत दोरा ओवता येत नाई. तुमी चाला माह्यासंगं.”

काकांनी थैलीतला हात बाहेर काढला. मग बाहीनं नाक पुसलं आणि माझ्याकडे वळले. “म्याडम, गाडी किती वाजता निंगते म्हने?”

“पाच वाजता,” मी म्हटलं.

काका चपला न घालताच गच्चीकडे धावले. त्यांचे दोन्ही बरे शर्ट तिथं दोरीवर वाळत होते.