मुंबई मिळेपर्यंत मौन

"मुकी पेटी आणा, बोलती करून देतो!" ही हेरंबराव नेवाळकरांची ठाकूरद्वारच्या दुकानातली रोजची गर्जना. भाता फाटलेला असो की पट्ट्या उंदरांनी कुरतडलेल्या असोत, हेरंबराव तासाभरात हार्मोनियमला गायला लावत. त्यामुळे शनिवारी दुपारी "आज चिंतामणरावांना बोलतं करूनच येतो!" असं त्यांनी घरी जाहीर केलं, तेव्हा त्यात त्यांना काहीच अवघड वाटलं नव्हतं.

"आठ वेळा गेलात. एकदा तरी बोलले का?" त्यांच्या बायकोने, नलूने विचारलं.

"अगं, माणूस म्हणजे तरी काय? पेटीच! कुठली पट्टी दाबायची ते कळलं पाहिजे."

चिंतामणराव दिघे शेजारच्या चाळीत राहून लोकांची इन्कमटॅक्सची कामं करत. हेरंबरावांच्या तीन वर्षांच्या वह्या-पावत्या त्यांच्याकडे पडून होत्या. आणि नोटीस आली होती, सोमवारी अकरा वाजता सगळे कागद घेऊन हजर व्हा! नाही नेले तर साहेब स्वतःच्या अंदाजाने कर ठरवणार. साहेबांचा अंदाज म्हणजे दुकानाला टाळं, हे हेरंबराव जाणून होते.

पण कागद मागायचे कसे? सव्वा महिन्यापूर्वी चिंतामणरावांनी चाळीच्या चौकात प्रतिज्ञा केली होती. संयुक्त महाराष्ट्रासाठी कोणी दाढी वाढवली होती, कोणी चपला सोडल्या होत्या. चिंतामणरावांनी एकदम जीभच सोडली! "सरकारला आमचा कर हवा, पण आमची मुंबई आम्हाला द्यायला नको! मुंबई मिळेपर्यंत मी तोंड उघडणार नाही, चिठ्ठी लिहिणार नाही, कराच्या कागदाला बोट लावणार नाही!" टाळ्यांचा कडकडाट झाला. सगळ्यांत जोरात हेरंबरावांनी वाजवल्या. तेव्हा नोटीस आली नव्हती.

चिंतामणरावांच्या पत्नी कालिंदीवहिनी बिचाऱ्या त्यांचं कपाट उघडून दाखवत. आत दीडशे गठ्ठे, सगळे एकसारख्या लाल फडक्यात, एकावरही नाव नाही! कोणता कोणाचा, हे फक्त चिंतामणरावांच्या डोक्यात.

"एकेक सोडून बघतो की, वहिनी!"

"छे हो! लोकांची गुपितं आहेत आत."

हात जोडून झाले, रडून झालं. चिंतामणराव नुसते गालात हसत. उलट पहिल्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या जाईबाईंनीच हेरंबरावांना जिन्यात गाठलं. "काय हो, रोज व्रत मोडायला येता? तुम्हाला मुंबई नको वाटतं?"

नको कशी असेल! मोर्च्यात घसा बसेपर्यंत ओरडलेला माणूस तो. पण सोमवार जवळ आला होता. आणि दाबायची ती पट्टी हेरंबरावांना सापडली होती.

संध्याकाळी पाच वाजता चिंतामणराव गॅलरीत येऊन बसले. खाली बुधाजी बँडवाला आपल्या दुकानाच्या दारात क्लॅरिनेट पुसत होता. हेरंबराव त्याच्या मागच्या खांबाआड शिरले, तोंडापुढे हात धरले आणि आवाज बदलून ओरडले, "मिळाली! मुंबई मिळाली!"

बेत असा होता की चिंतामणराव आनंदाने बोलून जातील, आपण वर पळत जाऊन कागद काढून घेऊ आणि मग म्हणू, "अरेच्चा, अफवा होती वाटतं!" पण गिरगावात एकाच माणसाला ऐकू जाईल असं ओरडायची सोय कुठे?

बुधाजी ताडकन उठला. "अगो बाय माझे! मिळाली?" त्याने क्लॅरिनेट तोंडाला लावलं, आतून ढोलवाला धावला. समोरच्या चाळीतून थाळ्या वाजू लागल्या. कोणी गुलाल उधळला. गणपतीला चार महिने असताना तो कुठून आला, कोणास ठाऊक! दहा मिनिटांत गल्लीत पाय ठेवायला जागा उरली नाही. हेरंबराव "अहो, थांबा, नक्की नाही..." म्हणायला गेले, तर जाईबाईंनी त्यांच्या उघड्या तोंडात साखर कोंबली. म्हातारीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "बघितलंत? जिवंतपणी बघितलं मी!" हेरंबरावांनी ती साखर कशीबशी गिळली. आयुष्यात एवढी लाज त्यांना कधी वाटली नव्हती.

तेवढ्यात लोकांनी चिंतामणरावांना खांद्यावर घेऊन खाली आणलं. "बोला, चिंतामणराव, आता बोला!" आणि चिंतामणराव बोलले! सव्वा महिन्याचं साचलेलं सगळं बोलले! इतिहास बोलले, भूगोल बोलले, वहिनींच्या आमटीत मीठ कमी असतं तेही बोलले. अर्ध्या तासाने श्वास घ्यायला थांबले, तेव्हा हेरंबरावांनी गर्दीत मुसंडी मारली.

"चिंतामणराव, माझे कागद!"

"कोण, नेवाळकर? अहो, तुमचे कागद ना, ते मी..."

"थांबा रे!" इराण्याच्या हॉटेलातून फोन करून आलेला बुधाजी ओरडला. "पेपरच्या कचेरीत इचारलंय! खंय काय मिळाला? सगळा खोटा!"

ढोल थांबला. चिंतामणरावांनी ओठ मिटले ते टाचून टाकल्यासारखे!

"कोणी उठवली ही बातमी?" कोणीतरी बाह्या सरसावल्या. "कोण ओरडलं?"

"माझ्या पाठीमागसून आवाज इलो," बुधाजी म्हणाला. "चिंतामणराव वरून वाकून बघत होते. त्यांनी बघितला असतला!"

सगळी गल्ली चिंतामणरावांकडे वळली. चिंतामणराव थेट हेरंबरावांकडे बघत होते. त्यांनी बोट हळूहळू वर उचललं. हेरंबराव बुधाजीच्या पाठीमागे सरकू लागले. बोट वर आलं, आणि चिंतामणरावांच्या स्वतःच्या ओठांवर जाऊन बसलं.

"व्रत म्हणजे व्रत!" हेरंबराव सगळ्यांच्या आधी ओरडले. "खबरदार, कोणी त्यांना बोलायला लावाल तर!"

सोमवारी ते रिकाम्या हातांनी साहेबांपुढे उभे राहिले आणि खरं ते सांगितलं, म्हणजे स्वतःचा पराक्रम सोडून बाकी सगळं. साहेबांनी आपल्या छातीपर्यंत आलेल्या दाढीवरून हात फिरवला आणि महिन्याची मुदत दिली. "तोवर मिळवा," ते म्हणाले.

"कागद?"

"मुंबई!"

घरी नलूने विचारलं, "मग आता?"

"आता काय! मुंबई मिळायलाच हवी, नाहीतर दुकान जातंय," हेरंबराव म्हणाले. मग खालच्या आवाजात, "पण मिळाली रे मिळाली की कागद आणायला तू जा. मी चार दिवस पुण्याला असेन."