श्यामलाबाईंच्या ओटीपोटातील फितुरीची हकीकत

शके एकोणीसशे पंचेचाळीस, मौजे लोणी काळभोर, प्रांत पुणे, येथील राजश्री यज्ञेश्वरराव यांचे कुटुंब सौभाग्यवती श्यामलाबाई, हडपसरच्या कंपनीतील चाकर, यांजवर दरमहा गनीम चालून येत असे, ते वर्तमान ऐसे जे.

पाळी येताच ओटीपोटात हलकल्लोळ उठे, आणि बाईसाहेब घामाने चिंब होऊन आडव्या पडत, आणि मग हापिसास रजेचा खलिता जाई. लग्नास सहा वर्षे होऊन मूल नाही. सासूबाई मातुश्री सोजरबाईसाहेब यांचे फर्मान कायम एकच, की बाईमाणसाचे पोट दुखावयाचेच, गरम पाण्याची पिशवी घ्यावी. पाहुणेमंडळी अंगारे आणि काढे घेऊन येत. बाईसाहेब त्यांस मनातल्या मनात खडकवासल्यात बुडवीत आणि वरकरणी हसून चहा देत.

अखेर सोसण्याचा खजिना रिता जाहला, मग बाईसाहेब शहरात डॉक्टर जरीना यांजकडे दाखल जाहल्या. त्यांनी तपासून मसलत सांगितली, की या दुखण्यास एंडोमेट्रिओसिस म्हणतात. गर्भाशयाच्या अस्तरासारख्या पेशी हद्द सोडून बीजकोशावर ठाणी बसवितात. रोगप्रतिकारक पेशींच्या फौजेने ती उठवावी, परंतु येथे फौजच फितूर. ठाणी उठवीना, उलट त्यांस रसद पोहोचवी आणि मुलखात जाळपोळ करी. त्या दाहात बीज बिघडे, मग गर्भ राहणे मुश्कील.

"म्हणजे हे माझ्या मनाचे खेळ नाहीत?" बाईसाहेबांनी पुसले.

"नाहीत. इतकी वर्षं तुम्हाला हे कुणी सांगितलं नाही, याचं मात्र मला अजिबात नवल वाटत नाही."

बाईसाहेब खुर्चीतच रडल्या, आणि डॉक्टरांनी बिनबोभाट रुमाल पुढे केला.

मग पोटात दुर्बीण घालून एकूणएक ठाणी कापून काढिली. दुसरे दिवशी बिछान्यापाशी डॉक्टरांनी आतील चित्रे दाखविली, काळे डाग आणि चिकटलेली आतडी, आणि बजाविले की गर्भाची उमेद वाढली, हमी नाही. फौजेचा भरवसा नाही. यज्ञेश्वररावांनी पांढरे पडून पलंगाची दांडी धरिली. सोजरबाईसाहेबांनी एक चित्र हाती घेऊन डोळ्यांजवळ धरिले.

"माझं बी आसंच दुखायचं," त्या म्हणाल्या. "ह्यो एकच पोरगा झाला. कुणी इचारलंच न्हाई."

मग श्यामलाबाईंनी टाके सांभाळीत, पडल्या पडल्या हुकूम सोडिला, की मातुश्रींचीही तपासणी आजच व्हावी. त्या घराण्यात सुनेचा हुकूम प्रथमच तामील जाहला. सासूबाई मुकाट उठल्या आणि डॉक्टरांमागून चालू लागल्या. फत्ते जाहली, ती येथे नमूद केली असे.