सदतीस मिनिटांचा पाहुणा

“जगाच्या कुठल्याही टोकाचा माणूस असो, आपल्या वेबसाइटवर आला की रिकाम्या हाताने परत जाणार नाही!” असं प्रूफकाका चर्चच्या समितीत छातीठोकपणे सांगायचे.

चाळीस वर्षं छापखान्यात प्रुफं तपासून निवृत्त झालेला हा माणूस. चर्चची वेबसाइट त्यांच्या गळ्यात पडली, कारण समितीत दुसऱ्या कुणाच्या लक्षात पासवर्ड राहत नव्हता. पण काकांनी तिचं सोनं केलं! पाळकसाहेबांची प्रवचनं चढवली, निरोप लिहायला चौकट केली आणि निरोप धाडणाऱ्याला आपोआप जाणारं उत्तर एकोणीस वेळा खोडून विसाव्यांदा पक्कं केलं : “प्रिय जिज्ञासू, तुमचा निरोप पोचला. तुम्ही एकटे नाही.”

काकांची एकुलती एक मुलगी समुद्रापार, डोंगरातल्या एका मिशन दवाखान्यात नर्स होती. जाऊन तीन वर्षं झाली होती. दर रविवारी तिचा फोन यायचा. “मी मजेत.” “आम्हीही मजेत.” “जेवलात?” “जेवलो.” आणि लाइन कट! या एवढ्याशा बोलण्यावर दोन म्हाताऱ्या माणसांनी आठवडा काढायचा. तिच्या दवाखान्याचं घरच्या भाषेतलं पानही काकांनीच करून दिलं होतं, तशाच चौकटीसकट आणि त्याच आपोआप उत्तरासकट. त्या पानावरच्या फोटोत ती पेशंटवर वाकलेली होती, म्हणजे दिसत होती फक्त पाठ आणि वेणी. काका रोज पहाटे ते पान उघडून बसायचे.

“अहो, काय बघता एवढं?” काकू विचारायच्या.

“पान नीट चालतंय का ते तपासतोय.”

मग काकूही मागे उभ्या राहून पान नीट चालतंय का ते बघायच्या.

एके दिवशी वेबसाइटच्या भेटींची नोंद चाळताना काका खुर्चीतून उडालेच! कुणीतरी रोज दुपारी एकाच पानावर येत होतं. पान कुठलं? ‘आमच्याविषयी’! किती वेळ? सदतीस मिनिटं! त्या पानावर होतं काय, तर मंडळीचा एक जुना फोटो आणि चार ओळी. आणि पाहुणा कुठला? मुलीच्या देशाच्या राजधानीतला! मुलगी तर तिथून दोन दिवसांच्या वाटेवर. तेव्हा ओळखीतलं कुणी असण्याचा प्रश्नच नव्हता.

“चार ओळींवर सदतीस मिनिटं!” काका समितीत कडाडले. “केवढी तहान असेल त्या जिवाला!”

“खलाशी असणार,” चिटणीसबाई म्हणाल्या. “बंदरावर एकटा.”

“छे, विधवा असेल बिचारी,” गायकवृंदाचे मास्तर म्हणाले.

“कुणी का असेना,” पाळकसाहेब म्हणाले, “त्या एका जिवासाठी प्रार्थना करू या.” आणि दर रविवारी ‘सदतीस मिनिटांच्या पाहुण्यासाठी’ सगळी मंडळी गुडघे टेकू लागली. दोन आजीबाई तर रडायच्याही!

पण नुसत्या प्रार्थनेवर थांबेल ती समिती कसली! “चार ओळींवर किती दिवस जगेल तो?” म्हणून पाळकसाहेबांनी बावन्न मिनिटांचं प्रवचन दिलं. मास्तरांनी पान उघडताच ढोलकीसकट सुरू होणारं गीत दिलं. चिटणीसबाईंनी चाळीस प्रश्नोत्तरं दिली आणि वर लुकलुकणारं ‘सुस्वागतम’. आता जागा कुठून आणायची? “तो फोटो काढा,” चिटणीसबाई म्हणाल्या. काकांनी आनंदाने काढला, कारण त्या फोटोत नेमके त्यांचेच डोळे मिटलेले होते!

दुसऱ्या दिवशी पाहुणा थांबला दोन मिनिटं. तिसऱ्या दिवशी एक. चौथ्या दिवशी आलाच नाही.

समितीत हलकल्लोळ! “तुमच्या प्रवचनाने पळाला!” “तुमच्या ढोलकीने!” एक जीव दारापर्यंत आला आणि आपण त्याला हाकललं, हे काकांच्या मनातून जाईना. चार दिवस त्यांना धड जेवण गेलं नाही.

रविवारी फोन आला. “बाबा, मी मजेत.”

“आम्हीही मजेत.”

“बाबा... तो फोटो का काढलात?”

“कुठला फोटो?”

“मंडळीचा! ज्यात तुम्ही आणि आई आहात. मी रोज जेवताना उघडायचे.”

“तू? अगं, तो पाहुणा राजधानीतला आहे!”

“आमचं नेट राजधानीतून येतं, बाबा. म्हणून तसं दिसत असेल.”

“पण सदतीस मिनिटं?”

“उघडायलाच तेवढी लागतात! आधी छप्पर येतं, मग मागची रांग. आईचा चष्मा येईपर्यंत माझा डबा संपतो. तुम्ही सगळ्यात शेवटी येता, डोळे मिटून. घरी रेडिओ लावून खुर्चीत झोपायचात ना, अगदी तसे.” तिचा आवाज बारीक झाला. “घरची फार आठवण येते, बाबा. मजेत वगैरे काही नाही.”

काकांनी फोन तोंडापासून दूर धरून नाक शिंकरलं. तीन वर्षांत पहिल्यांदाच कुणीतरी खरं बोललं होतं.

“रडू नका,” ती नाक ओढत म्हणाली. “एक गंमत सांगते. आमच्या पानावरही असाच एक पाहुणा येतो. रोज पहाटे, तुमच्याच गावातून! डॉक्टरीणबाई म्हणतात, कुणीतरी फार दुःखी म्हातारा असावा. सगळा दवाखाना त्याच्यासाठी प्रार्थना करतो. कोण असेल हो?”

“असेल... असेल कुणीतरी,” काका कसेबसे म्हणाले.

“भेटला तर सांगा त्याला, नुसतं बघत बसू नको म्हणावं. चौकटीत दोन शब्द लिहावेत.”

आणि लाइन कट!

काकांनी आधी फोटो जागेवर लावला, मिटलेल्या डोळ्यांसकट. मग दवाखान्याचं पान उघडलं. स्वतःच केलेली ती चौकट. पण तिच्यात कधी एक अक्षर लिहिलं नव्हतं. काकू मागे येऊन उभ्या राहिल्या. “लिहा आता! की त्याचंही प्रूफ तपासणार?”

काकांनी लिहिलं, “पोरी, आम्हीही मजेत नाही. तुझी फार आठवण येते.” एकदाही न तपासता त्यांनी निरोप पाठवला आणि दोघं पडद्याकडे डोळे लावून बसले.

टिंग! उत्तर आलं. काकूंनी काकांचा दंड घट्ट धरला. काकांनी वाचलं :

“प्रिय जिज्ञासू, तुमचा निरोप पोचला. तुम्ही एकटे नाही.”

काकांनी चष्मा काढून बराच वेळ पुसला. मग म्हणाले, “काही म्हण, मजकूर चांगला लिहिलाय!”