चौदा पायऱ्या, दोन कप

शेखर भामरे पहिल्यांदा जिना उलटा उतरला, तो दिवस होता मंगळवार, ६ जानेवारी २००४. वेळ पहाटे सहा. मखमलाबाद रस्त्यावरच्या त्या घराला बाहेरून जिना होता आणि जिन्यात दिवा नव्हता. अंधार आणि धुकं यांत चौदा पायऱ्यांपैकी वरच्या चारच काय त्या दिसत होत्या.

उलटं उतरण्यामागे काही विधी नव्हता. आदल्या दिवशी त्याने आयुष्यात पहिल्यांदा खांद्यावर वजन घेऊन ऐंशी बैठका मारल्या होत्या आणि मांड्या आता त्याचं ऐकत नव्हत्या. सरळ उतरायला गेलं की गुडघे न विचारता मोडत. पायऱ्यांकडे तोंड करून, कठडा धरून, मागे मागे पाय टाकला की जमत होतं. डावा पाय तेवढा ओढावा लागत होता.

या बैठका प्रा. तेजस्विनी काकड यांच्या संशोधनासाठी होत्या. शेखर त्याच कॉलेजात कारकून होता.

"मॅडम, मीच का?" त्याने विचारलं होतं.

"आजवर कधीच वजन न उचललेली माणसं हवीत, भामरे. तुम्ही मस्टरसुद्धा शिपायाकडून उचलून घेता. तुमचं नाव सगळ्यात आधी सुचलं."

वजनाच्या व्यायामानंतर स्नायूंना आतून सूज येते. आधी कॅफिन घेतलं तर ती वाढते की घटते, हे बाईंना पाहायचं होतं. बारा माणसं. सहा जणांच्या कॅप्सूलमध्ये कॅफिन, सहा जणांच्या कॅप्सूलमध्ये साबुदाण्याचं पीठ. कोणाला काय, ते एका बंद पाकिटात. मंगळवार ते शुक्रवार रोज सकाळी साडेसहाला उपाशीपोटी रक्त द्यायचं आणि आठवडाभर चहा-कॉफीचा थेंबही घ्यायचा नाही. शेखर दिवसाला आठ कप चहा पिणारा माणूस. तिसऱ्या दिवसापासून त्याच्या कपाळात कोणीतरी खिळा ठोकत होतं.

घरमालकीण गोजराबाई विधाते खाली राहत. वय सत्तर. घरामागे त्यांचा शेवंतीचा मळा होता. पहाटे पाचपासून त्या बॅटरीच्या उजेडात फुलं तोडत आणि साडेसातला टोपली घेऊन घराकडे येत. भाडेकरूंसाठी त्यांचा नियम एकच होता : चपला जिन्याखाली काढायच्या. त्या आठवड्यात जिन्यावर मुंग्या झाल्या होत्या. सोमवारी शेखर कामावरून वर गेल्यानंतर, दिवेलागणीला, गोजराबाईंनी सगळ्या पायऱ्यांवर मुंग्यांची पांढरी पावडर भुरभुरवली.

मंगळवारी साडेसातला त्या जिन्यापाशी आल्या आणि टोपली डोक्यावरच राहिली. पलीकडच्या मळ्यातून कलाबाई आल्या.

"आक्का, काय बघतीस?"

"पावलं. अनवाणी. समदी वर चाललीत. खाली आलेलं एक बी नाय."

"शेखर असंल."

"शेखर काल मी पावडर टाकायच्या आधीच वर गेला. आता त्याच्या चपला नायत, वर दाराला कुलूप हाय."

"म्हंजे पोरगं जिन्याला पाय न लावता उतरलं?" कलाबाई दोन पावलं मागे सरल्या. "आक्का, ही वर चढलेली पावलं नायत. उलट्या पायाचं कायतरी वरून खाली उतरलंय. भगताला बोलव."

उतरण्याची दिशा कलाबाईंना अचूक कळली होती. चूक फक्त उतरणाऱ्याच्या बाबतीत झाली.

गोजराबाई मात्र खाली वाकून डावं पाऊल बघत होत्या. प्रत्येक पायरीवर ते ओढल्यासारखं फरफटलेलं होतं. त्यांचे मालक लहानू विधाते टेम्पोखाली सापडल्यापासून असेच डावा पाय ओढत चालत. शेवटची चार वर्षं ते वरच्या खोलीत राहिले होते, कारण तिथून मळा दिसतो. त्यांना जाऊन दोन वर्षं झाली होती.

"भगत कशाला?" गोजराबाई म्हणाल्या. "घरचंच माणूस हाय."

बुधवारी पहाटे शेखरने दार उघडलं, तर बाहेर कठड्यावर दोन कप होते. एक रिकामा, एक भरलेला. कॉफी. वाफ धुक्यात मिसळत होती. त्याने रिकामा कप हातात घेतला, तो अजून गरम होता. तळाशी साखर न ढवळता राहिली होती.

'मावशी इथे बसून स्वतःची प्यायल्या आणि माझी ठेवून गेल्या,' तो मनात म्हणाला. आजूबाजूला कोणी नव्हतं. मळ्यात दूर एक बॅटरी हलत होती. कॉफीचा वास कपाळातल्या खिळ्यापर्यंत पोचला आणि खिळा सैल झाला. शेखरने कप उचलला, चार घोटांत संपवला आणि उलटा जिना उतरून उपाशीपोटी रक्त द्यायला गेला.

गुरुवारी तेच घडलं. शुक्रवारीही. एक कप रिकामा आणि गरम, दुसरा भरलेला. एवढ्या थंडीत पहाटे म्हातारी आपल्यासाठी चौदा पायऱ्या चढते, या विचाराने त्याला गहिवरून येई. गोजराबाई रोज पावणेसहाला मळ्यातून येऊन कप ठेवत, उतरताना स्वतःची पावलं झाडूने पुसत आणि मागे पुन्हा पावडर टाकत, हे त्याला ठाऊक नव्हतं. साडेसातला त्या दोन रिकामे कप आणि चढती पावलं मोजत, जिना झाडत आणि मग दिवसभर कोणाशी फारसं बोलत नसत.

शुक्रवारी संध्याकाळी त्यांनी शेखरला अंगणात थांबवलं.

"बाबा, रविवारपर्यंत खोली खाली कर."

"मावशी! माझं काय चुकलं?"

"तुझं काय बी नाय. विधाते परत आलेत. त्यांची खोली हाय ती."

आधी तो घाबरला. मग पावडर, पावलं आणि डावा पाय हे सगळं मावशींच्या तोंडून ऐकल्यावर प्रकरण त्याच्या लक्षात आलं, आणि तो जास्तच घाबरला. लग्न न झालेल्या माणसाला नाशकात खोली कोणी देत नव्हतं. तीन वर्षांतली ही पाचवी होती. ती वाचवायची, तर या म्हातारीला परत आलेला नवरा पुन्हा घालवावा लागणार होता. ते त्या संध्याकाळी त्याला जमलं नाही.

शनिवारी तेजस्विनीबाईंनी पाकीट फोडलं आणि त्याला बोलावून घेतलं.

"भामरे, तुमच्या कॅप्सूलमध्ये साबुदाणा होता. मंगळवारी रक्तात कॅफिन नाही. बुधवार, गुरुवार, शुक्रवार, आहे. हा काय प्रकार?"

"मॅडम, मावशींनी कॉफी ठेवली होती. रोज एक कप."

"आकडाही एकाच कपाचा आहे. निदान खरं तरी बोलताय. तुमचं नाव मी काढतेय."

"आणि सूज?"

"सूज खरी आहे. पुरती उतरायला सात दिवस धरा. तोवर जिना सांभाळून."

नाव गेलं होतं. खोली तरी वाचवावी, म्हणून शेखर दुपारीच घरी आला. गोजराबाई ओट्यावर शेवंती निवडत बसल्या होत्या. त्याने पावडरचा डबा मागून घेतला, सगळ्या पायऱ्यांवर स्वतः पावडर टाकली, शेजारच्या गच्चीतून वर गेला आणि त्यांच्या डोळ्यांदेखत उलटा उतरला. चौदा पायऱ्या, चौदा चढती पावलं, डावं फरफटलेलं.

गोजराबाईंनी पावलं पाहिली. हातातलं फूल त्यांनी टोपलीत न टाकता मांडीवर ठेवलं.

"तूच होतास व्हय," त्या हळूच म्हणाल्या.

"वाईट वाटून घेऊ नका, मावशी. कॉफीसुद्धा मीच प्यायलो. तुम्ही तुमचा कप पिऊन माझा ठेवत होतात, मला वाटलं..."

"माझा कप?" त्यांनी मान वर केली. "मला कॉफीच्या वासानं मळमळतं. दोन्ही कप त्यांचेच."

"दोन्ही?"

"देवळालीला लष्कराच्या मेसात माळीकाम केलं ना, तिथली सवय. एकानं भागायचं नाय. पहिला गरम गरम प्यायचे, साखर बी ढवळायचे नाय. दुसरा कठड्यावर गार व्हायला ठेवायचे."

शेखरने वर कठड्याकडे पाहिलं.

"मावशी, मी एकच कप प्यायलो. पहिला रिकामाच असायचा. गरम."

गोजराबाईंनी टोपली बाजूला ढकलली. त्यांच्या चेहऱ्यावर भीती नव्हती, राग होता.

"म्हंजे तीन दिवस त्यांचा दुसरा कप तू पळवलास!"

"मला काय माहीत..."

"जिवंतपणी कधी त्यांच्या कपाला कोणी हात लावला नाय!" मग त्यांचा आवाज निवळला. मांडीवरचं फूल त्यांनी टोपलीत टाकलं. "जाऊ दे. तुला तरी काय ठाऊक. पोरगा चांगला हायेस, खरं सांगितलंस. खोली सोडू नको. दोघांना लय जागा हाय वर. उद्यापासून मी तीन कप ठेवते."

शेखर 'बरं' म्हणाला आणि आपली पिशवी आणायला वर गेला. तो गेल्यावर गोजराबाई सवयीने पायऱ्या झाडून, पुन्हा पावडर टाकून घरात गेल्या.

अर्ध्या तासाने कलाबाई आल्या, तेव्हा जिन्याखाली चपला नव्हत्या. वर दार सताड उघडं होतं. त्यांनी पायऱ्यांवर नजर टाकली.

"आक्का, आज पावलं सरळ हायेत. खाली आलेली."

"किती?"

कलाबाईंनी मोजली. पायऱ्या चौदा होत्या. पावलं चार.