चार ताऱ्यांची माया

मनुष्याला स्वतःचे केस स्वतः धड कापता येत नाहीत, आणि समाज म्हणून जे काही उभं आहे ते या एका उणिवेवर उभं आहे. डोकं दुसऱ्याच्या हाती द्यावंच लागतं. ते कोणाच्या हाती द्यायचं हे मात्र आजवर ज्याचं तो ठरवत होता. इतका बेशिस्त कारभार दुसऱ्या कुठल्याही क्षेत्रात खपवून घेतला गेला नसता.

घरोघरी जाऊन केस कापणाऱ्या वहिनी म्हणजे या बेशिस्तीचा नमुनाच. (दीर एकच, पण सगळी वस्ती त्यांना वहिनी म्हणायची.) पिशवीत कात्री, कंगवे, पाण्याची बाटली आणि गळ्याभोवती बांधायचं कापड घेऊन त्या निघायच्या. कोणी गॅलरीतून हाक मारायचं, कोणी जिन्यात गाठायचं. कधी कोणाकडे जायचं ते त्यांच्या डोक्यात पक्कं असायचं. नियोजन शून्य, आणि दुर्दैवाने सगळं उत्तम चाललं होतं.

ही गंभीर बाब त्या एकुलत्या दिरांच्या लक्षात आली. ते नुकतेच व्यवस्थापनाच्या कोर्समधून मोकळे झाले होते (नोकरीतूनही).

"वहिनी, तुम्ही असंघटित आहात," ते म्हणाले.

"अगंबाई! मग आता काय करायचं?" वहिनी घाबरल्या.

"फोनवरून बुकिंग घेऊन केस कापायला माणसं पाठवणाऱ्या एजन्सीत नाव घालायचं."

एजन्सीचे फायदे नाकारण्यात अर्थ नाही. गिऱ्हाईक कोण, हे एजन्सी ठरवते. वेळ एजन्सी ठरवते. या दोन काळज्या मिटल्यावर वहिनींनी फक्त केस कापायचे, आणि त्यातही एजन्सी मार्गदर्शन करते. गिऱ्हाइकाशी हवेबद्दल बोलावं, पण पावसाळ्यात बेताने. घरच्यांची चौकशी करू नये. टकलाला टक्कल म्हणू नये, 'मोकळी जागा' म्हणावं. आणि एजन्सीबाहेर कोणाच्याही केसांना कात्री लावू नये. यात नातेवाईक आले, रक्ताचे, लग्नाचे आणि शेजारचे.

पहिला फटका बसला नवऱ्याला. वर्षानुवर्षं त्यांना मोरीजवळच्या स्टुलावर बसवून वहिनी केस कापत. आता नियम म्हणजे नियम. केस कॉलरवर आले तेव्हा त्यांनी रीतसर बुकिंग केलं. एजन्सीने वस्तीच्या दुसऱ्या टोकाची एक केशकर्तनकार बाई पाठवली. त्याच वेळी वहिनींना त्या बाईंच्या नवऱ्याकडे पाठवलं. दोघी चौकात समोरासमोर आल्या, "काय, बरं आहे ना?" म्हणाल्या आणि एकमेकींच्या घरी गेल्या. संध्याकाळी नवरा डोक्यावरून हात फिरवत, "कानामागे बरं कापते हो ती," असं बोलून गेला. त्या रात्री जेवायला आमटी होती, भात होता, संभाषण नव्हतं.

पण खरी भानगड ताऱ्यांची. प्रत्येक गिऱ्हाइकाने काम झाल्यावर फोनवर पाचपैकी तारे द्यायचे. सरासरी साडेचारच्या खाली गेली की नेहमीची घरं काढून घेणार आणि उजळणी वर्गाला बसवणार. वहिनींना काळजी लागली ती एका घराची. तिथे मुख्याध्यापिका बाई राहत. त्यांनीच वहिनींना शाळेत शिकवलेलं. पडल्यापासून बाई खुर्चीला खिळल्या होत्या, आणि वहिनींशिवाय कोणालाही डोक्याला हात लावू देत नव्हत्या. बाकी घरं गेली तर गेली, पण बाईंचं जाऊन चालणार नव्हतं.

आणि सरासरी घसरली. पाच तारे सगळीकडून येत होते, फक्त एका घरून दर खेपेला चार. त्या घरून बुकिंगही सर्वांत जास्त. कापायला केस उरले नसले तरी बुकिंग असे, कारण त्या निमित्ताने वहिनी येत. माया वाढली तसं बुकिंग वाढलं, बुकिंग वाढलं तसे चार तारे वाढले. पुढचं गणित एजन्सीने केलं.

उजळणीचा वर्ग घ्यायला एजन्सीची सर्वोत्कृष्ट केशकर्तनकार आली. वस्तीच्या दुसऱ्या टोकाचीच ती. वहिनींच्या जागी तिला बाईंकडे पाठवलं होतं, बाईंनी नाइलाजाने डोकं तिच्या हाती दिलं होतं, आणि वर पाचपैकी पाच दिले होते. वहिनी बाकावर बसून कंगवा कसा धरावा ते शिकल्या. मग त्यांना राहवेना. वर्ग सुटल्या सुटल्या त्या थेट बाईंकडे गेल्या. बाईंच्या कपाळावरची बट एका बाजूला भुवईपर्यंत आली होती, दुसऱ्या बाजूला नव्हतीच.

"बाई, मला चार आणि तिला पाच?"

"अगं, चार म्हणजे माझ्याकडे पहिला नंबर! पोटच्या पोराला कधी साडेतीनच्या वर दिले नाहीत."

"आणि ती?"

"ढ आहे गं बिचारी. बट तिरकी गेली तशी रडायलाच लागली. अशांना वाढवून द्यावे लागतात."

"त्या चार ताऱ्यांमुळे मला तुमच्याकडे यायची बंदी झालीय, बाई."

बाईंनी फोन उचलला. "मग... पाच देऊ?"

"नको हो बाई. तुम्ही पाच दिलेत तर मला वाटेल, माझा हातच बिघडला." वहिनींनी त्यांच्या हातून फोन काढून बाजूला ठेवला, बाईंच्या गळ्याभोवती कापड बांधलं आणि कोणाच्याही परवानगीशिवाय उरलेली बट सरळ केली. एजन्सीने त्याच दिवशी त्यांचं नाव काढून टाकलं. बाकीच्या गिऱ्हाइकांना फार वाईट वाटलं. पण वहिनींना परत बोलवायचं म्हणजे, नाव काढून टाकलेली बाई, कशाला उगाच!

वाचकहो, तुम्ही असे नाही, हे आम्ही जाणतो. परवा तुमचे केस कापायला जिने चढून आलेल्या माणसाने दम लागला म्हणून प्यायला पाणी मागितलं. तुम्ही दिलंतही. मग दार लावून त्याला तीन तारे दिलेत. बोट घसरलं असेल, असं आम्ही त्याला समजावलं आहे. उजळणी वर्गातला वहिनींचा बाक रिकामाच होता, सोमवारपासून तिथे तो बसतो.