पाचव्या ओटीतलं नाणं

आमच्या शेजारचे किसनतात्या भाकरीसुद्धा कडेने धरतात. अंगठा एका कडेला, मधलं बोट समोरच्या कडेला, मध्ये कुठेही स्पर्श नाही. पापड, ताटली, लग्नातला फोटो, आधारकार्ड, सगळ्याला हाच न्याय. माझ्या मुलीच्या बारशाला त्यांच्या हातावर पेढा ठेवला, तर तोही त्यांनी दोन बोटांत उभा धरून उजेडात फिरवून पाहिला. मग खाल्ला, पण मन लावून नाही.

"कडंनं धरा" हे वाक्य वारूळवाडीत लहान पोरांनाही पाठ आहे. तात्यांच्या घरात पाऊल टाकलं की आधी ते ऐकू येतं, मग पाणी मिळतं.

याला कारण प्रूफ नाणी. ही नाणी बाजारात चालवायची नसतात, नुसती बघायची. घासून लख्ख केलेल्या ठशाने ती दोनदा दाबतात. त्यामुळे मागची जमीन आरशासारखी होते आणि वरची अक्षरं दुधावरच्या सायीसारखी पांढरी उठतात. त्या आरशावर एकदा बोट उमटलं की ते जन्मभर राहतं. टांकसाळीकडून असे संच पोस्टाने मागवण्यात तात्यांचा निम्मा पगार जायचा. नोकरी भोसरीच्या एका कारखान्यात, काम ठसे घासण्याचं. तीस वर्षं लोखंड घासलेल्या माणसाला नाणं दिसतच नाही, ठसा दिसतो. "नाणं प्वार हाय राव," ते म्हणतात, "मी त्याचा बाप हुडकतो."

त्यांच्याकडे जुन्नर-मंचरहून माणसं येतात. कुणीतरी मोबाईलवर पाहिलेलं असतं की अमुक नाण्याला दहा लाख मिळतात. मग आजोबांचा डबा उपसून मंडळी हजर. एकदा नारायणगावच्या मार्केटातला टोमॅटोचा व्यापारी एक नाणं रुमालात बांधून घेऊन आला. त्यावरचं साल दुहेरी दिसत होतं. तात्यांनी भिंग लावलं.

"पाच रुपये."

"अहो, आकडा डबल उठलाय की!"

"पायरी हाय ती. खरं दुहेरी असलं तर आकडा जाड व्हतो, कोपऱ्याला फाटा फुटतो. ठसा बनवतानाच दोनदा उमटलेला असतो तो. हितं आकडा बारीक झालाय आन कडंला सपाट पायरी पडलीया. दाबताना ठसा सैल पडून हालला, बास. असली पोत्यानं निघत्यात."

"मोबाईलवर तर दहा लाख..."

"मंग मोबाईललाच इका."

तो गेल्यावर तात्या मला म्हणाले, "ह्या पायरीपायी लई मान्सं येडी झाली." त्यांना त्यात भारी मजा वाटत होती.

मला वाटत नव्हती. कारण या घरातल्या एका नाण्याची गोष्ट सगळ्या गल्लीला ठाऊक होती.

अठरा वर्षांपूर्वी तात्यांच्या घरी देवीचा गोंधळ झाला. सकाळी पाच सवाष्णी ओटीला बोलावल्या होत्या: मढ गावची एक, डिंभ्याला दिलेली तात्यांची सख्खी बहीण हिराबाई, गल्लीतल्या दोघी आणि पाचवी माझी आई. त्याच सकाळी पोस्टमनने नवा संच आणून दिला. घरात पाहुणे असताना तात्या मखमल पसरून बसले. त्यातल्या पाच रुपयांच्या नाण्यावर त्यांना अक्षरं दुहेरी दिसली. दहा मिनिटं त्यांनी ते पाहिलं, तेही घड्याळजीच्या साध्या भिंगातून. तेवढ्यात मांडववाल्याने बाहेर हाक मारली. ते उठले. आत पाचव्या ओटीला नाणं कमी पडलं. तात्यांच्या बायकोने, सुभद्राकाकूंनी, मखमलीवरचं त्यातल्या त्यात चकचकीत नाणं उचललं आणि ओटीत घातलं. सवाष्णीला चांगलं द्यावं, एवढाच त्या बाईचा गुन्हा.

तात्या आत आले तेव्हा ओट्या भरून झाल्या होत्या. शेवटची, पाचवी ओटी कुणाची भरली, हे घाईत काकूंनाही आठवेना.

पुढे तात्यांनी जे केलं ते आमच्याकडे शत्रूही करत नाही. ते घरोघर ओटीतलं परत मागत फिरले. मढला गेले, तिथल्या सासूने अंगणातूनच वाटेला लावलं. डिंभ्याला गेले. हिराबाईंनी तांदूळ, नारळ, खण, नाणं सगळं त्यांच्या पुढ्यात ओतलं. "घे तुझी ओटी. आता म्हायेर संपलं माजं." ते नाणं रोजच्या चलनातलं होतं. परतीच्या एसटीची वाट बघत तात्या तीन तास फाट्यावर बसून होते. हिराबाई पुन्हा कधी आल्या नाहीत, आणि चार वर्षांपूर्वी गेल्या.

माझ्या आईने तर दारच अडवलं. "ओटीतलं मागाया लाज वाटत न्हाई? आमच्याकडं न्हाई काय."

तेव्हापासून नाण्याचा भाव चढत गेला. पहिल्या वर्षी तात्या हजारात बोलत, मग लाखात. हातात नसलेल्या वस्तूचा भाव पाडणार कोण? येणाऱ्या प्रत्येकाला ते रिकाम्या खोबणीचा डबा दाखवत आणि स्वयंपाकघराकडे हनुवटी करून म्हणत, "हिची करनी." काकू चहा ठेवून निघून जात. त्यांनी त्या दिवसानंतर कुणाचीच ओटी भरली नाही. आलेल्या बायकांना नुसतं हळदकुंकू लावत. बायकांनी तो अपमान मानला, आणि येणंच सोडलं. तात्यांची मला चीड यायची. पण शेजारी म्हणून मीही तो चहा पीत बसायचो, हेही सांगितलं पाहिजे.

यंदा माघात आई गेली. तिची पेटी आवरताना तळाशी एक खण निघाला, गाठ मारलेला. आत तांदळाचा भुगा आणि ते नाणं. अठरा वर्षं एका भिंतीपलीकडे. आईने ते विकलं नाही, वापरलं नाही, नुसतं दिलं नाही. तिचा राग मला कळला, आणि तिची लाजही वाटली. काकूंनी रोज दिलेली ताकाची वाटी तिने याच भिंतीशी उभं राहून घेतली होती.

मी आणि माझी बायको मंगल दुसऱ्या दिवशी सकाळी तात्यांकडे गेलो. मी खणच पुढे केला. तात्यांनी नाणं कडेने उचललं. आता त्यांच्याकडे चांगलं भिंग आहे, दिवा आहे. त्यांनी पाहिलं. भिंग पुसलं, पुन्हा पाहिलं. नाणं फिरवून खिडकीच्या उजेडात पाहिलं. मग भिंग खाली ठेवलं.

"पायरी हाय," ते म्हणाले.

"म्हणजे साधं?"

"साधं. तवाबी साधंच व्हतं." मग स्वयंपाकघराकडे तोंड करून मोठ्याने म्हणाले, "अगं, ऐकलं का? ते नाणं साधं हाय. मीच चुकलो."

काकू दारात आल्या. हाताला पीठ होतं. त्या ना रडल्या, ना चिडल्या.

"म्या इचारलं व्हतं का?" त्या म्हणाल्या.

तात्या म्हणाले, "मंगलची ओटी भर."

"तांदूळ हायेत," काकू म्हणाल्या. "खण न्हाई घरात. अठरा वर्सं लागलाच न्हाई."

तात्या उठले. ट्रेमध्ये मखमल पसरलेली होती, तिच्यावर त्यांची सगळी दौलत मांडलेली. त्यांनी मखमलीचं टोक धरून ती ओढून काढली. नाणी एकमेकांवर आपटत घरंगळली, दोन खाली पडली, एक कपाटाखाली गेलं. मी वाकणार तोच ते म्हणाले, "ऱ्हाऊ द्या." त्यांनी मखमल झटकली, घडी घातली आणि काकूंच्या हातात दिली.

काकूंनी हात धुतले. मंगलला पाटावर बसवलं, कुंकू लावलं. पदरात मखमल ठेवली, तांदळाच्या पाच ओंजळी घातल्या, हळकुंड, सुपारी. नाण्यासाठी हात पुढे केला. तात्यांनी ते पाचाचं नाणं मुठीत घट्ट धरलेलं होतं. त्यांनी ते स्वतःच तांदळावर ठेवलं. त्या आरशावर त्यांचा आख्खा अंगठा उमटला होता.

मंगल वाकून पाया पडली. "काकू, आता येत जाईन मी."

"ये की," काकू म्हणाल्या. "खण आनून ठिवते." मग म्हणाल्या, "डिंभ्याच्या वन्संसाठीबी आनला असता."

तात्यांनी ऐकलं. ते खाली बसून विखुरलेली नाणी गोळा करत होते, आणि एकही नाणं कडेने धरत नव्हते.